कोंडाण्याची नक्षी आणि बलकाचे नाव

पावसाळ्यात कर्जतहून कोंडाणे लेण्यांकडे येणाऱ्यांची नजर आधी चैत्यगृहासमोर कोसळणाऱ्या धबधब्याकडे जाते. खरे तर मान वर करून पाहायची ती मागची दर्शनी भिंत. राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यात, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास कोरलेली.

मधोमध पिंपळपानाकृती भव्य कमान, तिच्या दोन्ही अंगांना नक्षीचे पट्टे. त्यांत सर्वाधिक दिसते ती वेदिका : उभे खुंट आणि त्यांत अडकवलेल्या आडव्या पट्ट्या. मुळात हे स्तूपाभोवतीचे लाकडी कुंपण. उभ्या कड्यावर त्याने काहीच अडवायचे नव्हते, तरी कारागिरांनी ते ओळीने कोरले. शेजारच्या विहाराच्या छतातही दगडाच्या तुळया आहेत; त्यांच्यावर भार कसलाच नाही. सुताराच्या हाताची सवय दगडात उतरली आणि तिची नक्षी झाली.

नक्षीचा असाच प्रवास ग्रीसमध्येही दिसतो. अथेन्सच्या दिपिलॉन दफनभूमीतला, इसवी सनापूर्वी 750 च्या सुमाराचा, माणसाच्या उंचीला जवळपास भिडणारा कुंभ नागमोडी चौकटींच्या पट्ट्यांनी भरलेला आहे. या चौकटींत अनेक अभ्यासकांना विणकाम आणि टोपल्यांची वीण दिसते. पट्ट्यांच्या मधल्या जागेत मृत व्यक्तीभोवती शोक करणारी माणसे रंगवली आहेत. कोंडाण्यातही वेदिकेच्या पट्ट्यांमधल्या चौकटींत माणसे आहेत, पण ती नाचणारी जोडपी आहेत. अंगाला बाक देऊन उभी, इतकी जिवंत की त्यांच्यासाठी तरी थांबावे.

कोंडाण्याची नक्षी ग्रीकांकडून आली, असे मात्र कोणी समजू नये. घाट चढून गेले की कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर यवन दात्यांची नावे आहेत. ग्रीक वंशाची किंवा पश्चिमेकडची माणसे या वाटेवर वावरत होती, एवढेच त्यावरून कळते. वेदिका आणि चैत्यकमान इथल्याच लाकूडकामातून आलेल्या.

कमानीच्या डाव्या बाजूला एका भव्य यक्षमूर्तीचे भग्न मस्तक उरले आहे. त्याच्याजवळ ब्राह्मी लिपीत एकच ओळ आहे : कण्हाचा शिष्य बलक, त्याने हे केले. आपल्या लेण्यांत नावे आढळतात ती बहुतेक दान देणाऱ्यांची. व्यापारी, भिक्षुणी, गृहिणी अशा कितीतरी जणांची. घडवणाऱ्याचे नाव दुर्मिळ, म्हणून ही ओळ फार मोलाची. फ्लॉरेन्समध्ये जपलेल्या, इसवी सनापूर्वी 570 च्या सुमाराच्या एका ग्रीक कुंभावर कुंभार एर्गोटिमोस आणि चित्रकार क्लाइटियास या दोघांचीही नावे आहेत. बलकाने आपल्या नावाआधी गुरूचे नाव घातले.

महाराष्ट्रातच याला जोड मिळते. पितळखोऱ्याला सापडलेल्या यक्षमूर्तीवर कण्हदासाचे नाव आहे, आणि तो होता सोनार.