मोठ्या मायचं आखाजीचं गाणं

सुरतेच्या लिंबायतमधल्या दहा बाय बाराच्या खोलीत साड्यांचा गठ्ठा सोडलेला होता. मोठी माय भिंतीला टेकून बसली होती. धागा कटिंगची कात्री तिच्या हातून केव्हाच काढून घेतली होती, तरी बोटं मांडीवरच्या साडीचा काठ चाचपत सुटे धागे शोधतच होती. माझ्याकडे बघून तिनं विचारलं, "तुन्हं नाव काय शे?" मी तिचा पुतण्या, तिच्या हातच्या भाकरीवर वाढलेला.

शेजारी वहिनी मशीनवर साडीला लेस लावत होत्या. लावता लावता आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं, झोक्यावरचं एक गाणं गुणगुणायला लागल्या. दुसऱ्या ओळीला मोठ्या मायचा आवाज त्यात मिसळला. तिसऱ्या कडव्याशी वहिनी अडखळल्या, तर शब्द तिनंच पुरवला. गाणं संपल्यावर तिनं मला पुन्हा नाव विचारलं. पण तोवर तिच्या चेहऱ्यावरची भीती गेली होती.

मोठ्या मायला अल्झायमर हा स्मृतिभ्रंशाचा आजार आहे. मग हे होतं कसं? काल काय झालं, समोर कोण बसलंय, ही ताजी नोंद ठेवायला मेंदूतला हिप्पोकॅम्पस लागतो आणि अल्झायमर त्याला फार लवकर गाठतो. तोंडपाठ गाणं मात्र एकाच कप्प्यात ठेवलेलं नसतं. चाल, ठेका, जिभेची सवय, पायाचा झोका, त्या दिवसाचा आनंद, असं ते मेंदूभर पसरलेलं असतं. जर्मनीतल्या लाइप्झिगच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी 2015 मध्ये आधी निरोगी तरुणांच्या मेंदूत जुन्या ओळखीच्या गाण्यांच्या जागा शोधल्या. मग अल्झायमरच्या रुग्णांत त्याच जागा तपासल्या. बाकी मेंदूच्या मानानं तिथली झीज बरीच कमी होती.

आपल्याकडे 'साठी बुद्धी नाठी' म्हणून हा आजार वर्षानुवर्षं घरातच दाबला जातो. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. तो म्हातारपणाचा स्वभाव नाही, आजार आहे, आणि पहिली पायरी डॉक्टरचीच. गाण्यानं तो बरा होत नाही, गेलेली आठवणही परत येत नाही. जगभरचे प्रयोग एकत्र तपासणाऱ्यांना बऱ्यापैकी ठामपणे एवढंच म्हणता येतं की संगीतोपचारानं उदासी कमी व्हायला मदत होते. दिवसभर घाबरलेल्या माणसासाठी आणि त्याला सांभाळून थकलेल्या सुनेसाठी एवढंही थोडं नाही.

कोणतं गाणं लावायचं, इथं मात्र माझा आग्रह आहे. 'मन शांत करणारं संगीत' म्हणून मोबाईलवर मिळणारी बासरी कुणालाही लावून चालत नाही. माणसाची सगळ्यात घट्ट गाणी साधारण दहा ते तीस या वयातली असतात. सुरतेच्या लिंबायत, उधना, दिंडोलीतली आजची म्हातारी पिढी त्या वयात जळगाव, धुळे, नंदुरबारकडे होती. तापीच्या काठानं येणाऱ्या भुसावळ-सुरत रेल्वेनं ती इथं आली, मागांवर उभी राहिली. तिची गाणी म्हणजे आखाजीला माहेरी झोक्यावर म्हटलेली, श्रावणात कानबाई देवीच्या रात्री जागवताना म्हटलेली, जात्यावरची. तीही अहिराणीत. आपण घरात मुलांच्या शाळेपायी अहिराणी सोडून दिली, आणि म्हाताऱ्या माणसाशी आता त्याच भाषेत बोलायची वेळ आली आहे.

आणखी एक गोष्ट सुरतेत विसरून चालणार नाही. यंत्रमागाच्या खडखडाटात तीस-तीस वर्षं काढलेल्यांपैकी अनेकांचे कान आधीच गेलेले असतात. 'गाण्याचा काही उपयोग होत नाही' म्हणण्याआधी कान तपासून घ्या. ऐकू कमी येणं हे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या कारणांतलंही एक आहे.

गाणं लावताना टीव्ही बंद करा. मधे जाहिरात वाजली की माणूस दचकतो. दिवेलागणीच्या आधी, अस्वस्थपणा वाढायच्या वेळी किंवा अंघोळीला नेताना गाणं फार कामी येतं. कानात एकदम काही खुपसू नका. समोर बसून, हात धरून, बेसूर का होईना स्वतः म्हणा. एखाद्या गाण्यानं रडू आलं आणि थांबेना, तर ते गाणं बाजूला ठेवा.

अडचण अशी की यातली पुष्कळ गाणी कुठंच रेकॉर्ड झालेली नाहीत. ती फक्त याच बायकांच्या तोंडी आहेत. असोद्याच्या कवयित्री बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं, मुलानं उतरवून ठेवलं म्हणून 1952 मध्ये त्यांचं पुस्तक निघालं. आज साठीत असलेल्या, धडधाकट असलेल्या आयांची गाणी आत्ताच फोनवर घेऊन ठेवा. पुढं लागली तर त्यांच्याच आवाजात त्यांना ऐकवता येतील.

वहिनींच्या फोनमध्ये सध्या मोठ्या मायची सात गाणी आहेत. सगळ्या गाण्यांत मागून गल्लीतल्या मागाचा आवाज येतो. भाचा म्हणाला, ॲपवर टाकून तो काढून टाकू. मी नको म्हटलं. मोठी माय त्याच आवाजाच्या ठेक्यावर मान हलवते.