चालू चाचणीतला बदल

शिरूर तालुक्यात वढू बुद्रुकला पुण्याच्या केईएम संशोधन केंद्राचे ग्रामीण केंद्र आहे. बाळांना होणाऱ्या रोटाव्हायरसच्या जुलाबांवरील रोटाव्हॅक लशीच्या मोठ्या चाचणीत दिल्ली, वेल्लोरबरोबर या केंद्राचाही वाटा होता. एकूण ६,७९९ बाळे; दर तिघांपैकी दोघांना लस, तर तिसऱ्याला तसेच दिसणारे, पण लस नसलेले थेंब. हे प्रमाण शेवटपर्यंत कायम राहिले. पद्धत भरवशाची, पण साथ पेटल्यावर इतका धीर परवडत नाही.

अशा वेळी कामी येते ‘अनुकूली’, म्हणजे हाती येणाऱ्या निकालांनुसार मध्येच बदलता येणारी चाचणी. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ‘सॉलिडॅरिटी’ सुरू केली. भारतातला समन्वय पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेकडे (‘नारी’) होता. कोविडवर चार औषधांची एकत्र परीक्षा. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि लोपिनाविर जीव वाचवत नाहीत हे दिसल्यावर जून-जुलैतच ती वगळली. उरलेली चाचणी चालू राहिली. मला यातली माणुसकी मोठी वाटते: निरुपयोगी ठरलेली गोळी पुढच्या रुग्णाला द्यावी लागत नाही.

मात्र बदलाचे नियम आधीच लिहून ठेवावे लागतात. आकडे वारंवार उघडून पाहिले, तर निव्वळ योगायोगही औषधाचा गुण वाटू लागतो. म्हणून मधल्या तपासणीत पुराव्याची अट अधिक कडक असते.

तुम्हाला कधी चाचणीत सहभागी व्हायला सांगितले, तर संमतिपत्रावर सही करण्याआधी जरूर विचारा: ही चाचणी मध्येच कधी थांबवणार, आणि ते ठरवणार कोण?