मनोविकारावरील औषध-चाचण्या : सही करण्यापूर्वीं



उन्माद आणि विषण्णता या दोन टोकांमध्यें मनुष्यास हेलकावे देणारा जो मनोविकार आहे, त्यास द्विध्रुवी विकार किंवा रूढ शब्दांत बायपोलर म्हणतात. कांहीं आठवडे झोपेवांचून, अपार उत्साहांत आणि पैशाच्या उधळणींत जातात. पुढें तोच मनुष्य महिनेच्या महिने अंथरुणावरून उठत नाहीं. मधल्या काळांत मात्र तो तुमच्याआमच्यासारखाच शहाणा व कर्तासवरता असतो.

ठाणें, पुणें व नागपूर यांच्याप्रमाणें आपल्या रत्नागिरीसही सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तेव्हां उपचारासाठीं कोणाचें दार ठोठवावें, हा प्रश्न येथें तितका अवघड नाहीं. अवघड प्रश्न त्यापुढचा आहे. मुंबईचा एखादा आप्त कळवितो, "इकडे नव्या औषधाची चाचणी चालू आहे. औषध फुकट, मोठे डॉक्टर स्वतः पाहतात. भाऊंना घेऊन या." अशा वेळीं घरच्या मंडळींनीं काय करावें? मी वैद्य नव्हे, शाळामास्तर आहें. पण प्रश्नपत्रिका कशी वाचावी हें मला जन्मभराच्या धंद्यानें शिकविलें आहे, आणि औषध-चाचणी ही एक प्रश्नपत्रिकाच असते. प्रश्न औषधाला घातलेला असतो. उत्तर मात्र रोग्याच्या देहावर लिहिलें जातें.

प्रथम एक भेद मनांत पक्का केला पाहिजे. डॉक्टर उपचार करतात तो या रोग्याला बरें वाटावें म्हणून. चाचणी करतात ती पुढच्या हजारों रोग्यांसाठीं ज्ञान मिळावें म्हणून. दोन्ही हेतु चांगले आहेत. परंतु ते एक नव्हेत. चाचणींत कोणास कोणतें औषध द्यावयाचें हें बहुधा चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें ठरतें. कित्येकांस तर औषधासारखीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी मिळते. तिला प्लासिबो म्हणतात. आपण तिला कोरी गोळी म्हणूं. कोणास काय मिळालें हें पुष्कळदां रोग्याला व डॉक्टरालाही ठाऊक नसतें.

एवढा खटाटोप कशासाठीं? तर हा विकार स्वभावतःच चढतो आणि उतरतो. लाट ओसरण्याच्या सुमारास पाणी पाजलें तरी पाण्यानेंच गुण आला असें वाटावयाचें. म्हणून तुलनेवांचून निर्णय नाहीं. लिथियमचा इतिहास हेंच सांगतो. १९४९ सालीं ऑस्ट्रेलियांतील जॉन केड यांनीं उन्मादाच्या दहा रोग्यांस लिथियम दिलें आणि गुण आल्याचें प्रसिद्ध केलें. तेथें तुलनेसाठीं दुसरा गट नव्हता. त्यांचा पहिला रोगी सुधारला खरा, परंतु १९५० सालीं लिथियमच्याच विषबाधेनें दगावला. डेन्मार्कमध्यें मोगेन्स शाऊ यांनीं १९५४ सालीं कोऱ्या गोळीशीं तुलना करून चाचणी प्रसिद्ध केली, आणि रक्तांतील प्रमाण मोजून मात्रा ठरविण्याची रीत पुढें रूढ झाली. आज लिथियमवर विश्वास ठेवतात तो या तपासण्यांच्या आधारावर.

परंतु तुलना करावयाची ती कोणाच्या जोखमीवर, हाही प्रश्न आहे. आणि तो आपल्याच देशांत उभा राहिला. रिस्पेरिडोन या औषधाची उन्मादावरील एक चाचणी भारतांतील रुग्णालयांत होऊन २००५ सालीं ब्रिटिश जर्नल ऑफ सायकिॲट्री या मासिकांत प्रसिद्ध झाली. सुमारें २९० रोगी होते. मुदत तीन आठवड्यांची. जवळजवळ निम्म्यांस कोरी गोळी. औषध सरस ठरलें. पण हे रोगी तीव्र उन्मादाचे होते आणि उन्मादावर गुणकारी औषधें तर पूर्वींपासून उपलब्ध होतीं. मग तीन आठवडे त्यांना कोऱ्या गोळीवर कां ठेवावें? गोव्यांत काम करणारे मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल यांनीं २००६ सालीं मुंबईहून निघणाऱ्या इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्समध्यें हा प्रश्न जाहीरपणें मांडला. चाचणीचें उत्तर बरोबर आलें म्हणून ती विचारण्याची रीत योग्य ठरत नाहीं, हा धडा त्यांतून घ्यावा.

आतां चाचणी शोधावी कशी तें पाहूं. भारतांत यासाठीं एक सार्वजनिक नोंदवही आहे. तिचें नांव क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया, संक्षेपानें सीटीआरआय. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या आश्रयानें ती २००७ सालीं सुरू झाली. २००९ च्या जूनपासून औषधांच्या चाचण्यांस नोंदणी सक्तीची झाली आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला रोगी दाखल होण्यापूर्वींच नोंद झाली पाहिजे असा नियम आहे. ही नोंदवही इंटरनेटवर कोणासही विनामूल्य पाहतां येते. विकाराचें इंग्रजी नांव घालून शोध केला म्हणजे चाचण्यांची यादी येते. प्रत्येक नोंदींत खर्च कोण करतो, कोणत्या शहरांत कोणतें रुग्णालय आहे, किती रोगी घ्यावयाचे, कोणास घ्यावयाचें व कोणास वगळावयाचें, मुख्य कसोटी कोणती, आणि भरती चालू आहे कीं संपली, हें लिहिलेलें असतें. एखाद्या चाचणीचा नोंदणी-क्रमांक विचारल्यावर मिळत नसेल, तर तेथूनच परत फिरावें.

आधीं नोंद करण्याचें महत्त्व कोणत्याही शिक्षकास पटेल. विद्यार्थ्यानें पेपर लिहिल्यावर त्याला जें आलें तेवढेंच विचारलें होतें असें म्हणूं लागलों, तर सर्वच पहिल्या वर्गांत येतील. कसोटी आधीं ठरवून जाहीर केली म्हणजे ही पळवाट बंद होते.

नोंद हातीं आली म्हणजे पहिली गोष्ट मुदतीची पाहावी. तीन आठवड्यांची चाचणी झटका उतरतो कीं नाहीं एवढेंच सांगते. घरच्या माणसांची चिंता तर झटका पुन्हां येईल काय, ही असते. त्या प्रश्नास वर्षें लागतात. २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या 'बॅलन्स' नांवाच्या चाचणींत ३३० रोग्यांचे तीन सारखे गट करून दोन वर्षांपर्यंत पाहिलें. नव्या झटक्यासाठीं पुन्हां उपचार करावे लागले असे रोगी केवळ व्हॅल्प्रोएट घेणाऱ्यांत शेंकडा ६९, केवळ लिथियम घेणाऱ्यांत ५९ आणि दोन्ही घेणाऱ्यांत ५४ होते. हे आंकडे नीट वाचावे. ५४ आणि ५९ यांतील अंतर योगायोगानेंही पडूं शकतें. शिवाय कोण काय घेतो हें रोग्यांस व डॉक्टरांस ठाऊक होतें. आणि सर्वांत चांगल्या गटांतही निम्म्यांहून अधिकांस झटका आलाच. तेव्हां 'हमखास बरें करणारें' औषध कोणी सांगूं लागला, तर तो चाचणीची भाषा बोलत नाहीं, जाहिरातीची बोलतो.

दुसरी गोष्ट, चाचणींत शिरण्यासाठीं चालू औषध सोडावें लागेल काय? लिथियम एकाएकीं बंद केल्यास झटका उलटण्याचा धोका मोठा असतो. म्हणून सध्यांच्या डॉक्टरांस विचारल्यावांचून एक गोळीही बदलूं नये. तिसरी, रक्ततपासणी किती वेळां व कोठें? रत्नागिरीहून मुंबई सुमारें साडेतीनशें किलोमीटर आहे. आपल्या वैशाखांत घामानें अंगांतील पाणी व मीठ जातें, उपवासांत मीठ सुटतें, पावसाळ्यांत जुलाब होतात. या प्रत्येक कारणानें रक्तांतील लिथियम धोक्याच्या पातळीपर्यंत वाढूं शकतें. रात्रीं हात थरथरूं लागले, चाल अडखळूं लागली, तर फोन कोणाला करावयाचा, हें निघण्यापूर्वींच लिहून घ्यावें. चौथी, चाचणी संपल्यावर गुण आलेलें औषध मिळत राहील काय? आणि चाचणीच्या औषधाबद्दल रोग्याकडेच पैसे मागत असतील, तर सावध व्हावें.

कायदा रोग्याच्या पाठीशीं आहे, पण तो माहीत असला तरच उपयोगी. नव्या औषधांच्या चाचण्यांविषयींच्या २०१९ च्या नियमांप्रमाणें प्रत्येक चाचणीस नीतिसमितीची मान्यता लागते. या समितींत निदान सात सभासद असून त्यांतील निम्मे तरी त्या संस्थेबाहेरचे असावे लागतात. सामान्य नागरिक आणि कायदेतज्ज्ञ हेही असावे लागतात. चाचणींत इजा झाल्यास मोफत उपचार, आणि ती चाचणीमुळें झाली असें ठरल्यास भरपाई आहे. प्रस्थापित उपचार उपलब्ध असतांना ते न देतां कोरी गोळी दिल्यानें झालेली इजाही यांत येते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणें रोग्याची स्वखुशीची व समजून दिलेली संमति हवी. ती तो केव्हांही परत घेऊं शकतो. संमति देण्याची त्याची शक्तीच नसेल, तर केवळ आप्तांच्या सहीनें भागत नाहीं. राज्याच्या प्राधिकरणाची परवानगी लागते.

आणि या विकारांतील संमतीचा पेंच निराळाच आहे. उन्मादाच्या भरांत रोगी कोणत्याही कागदावर हंसत सही करील. विषण्णतेंत "माझें कांहींही होवो" म्हणून करील. त्या दोन्ही सह्या त्याच्या नव्हेत, त्याच्या विकाराच्या आहेत. खरी सही मधल्या शहाण्या काळांतली. म्हणून चाचणीची गोष्ट त्या काळांत काढावी, संमतिपत्र मराठींत मागून घ्यावें, घरीं आणून दोन दिवस ठेवावें, आणि त्यालाच तें मोठ्यानें वाचून दाखवावयास सांगावें. कोठें थांबतो, काय विचारतो, तें लक्ष देऊन ऐकावें.

चाचण्यांत कोणी जाऊंच नये, असें मी म्हणत नाहीं. कोणींच गेलें नसतें तर लिथियमची योग्य मात्रा आज कोणास ठाऊक असती? परंतु नकार दिला म्हणून नेहमींचा उपचार बंद होत नाहीं, आणि होकार दिला म्हणून उपकार होत नाहींत. जो जातो तो दाता आहे. दात्यानें दान काय देतों हें पाहूनच द्यावें, आणि घेणाऱ्यानें त्याची जाण ठेवावी.