अंतरपाट दूर होण्याआधी

लग्नाचे फोटो पहिल्यांदाच काढायला निघालेला तरुण बहुधा कॅमेऱ्याच्या चौकशीत गुंततो. लेन्स कोणती भाड्याने आणावी, फ्लॅश कुठला घ्यावा, हेच त्याच्या डोक्यात असतं. चौकशी योग्यच, पण ती नंतरची. आधी त्याने लग्न शिकायला हवं. आपल्या लग्नातले मोलाचे क्षण ठरलेल्या क्रमाने येतात आणि पापणी लवेपर्यंत निघूनही जातात. हा क्रम पाठ असेल तर साधा कॅमेराही पुरतो. तो माहीत नसेल, तर महागडा कॅमेरा घेतलेला माणूसही ऐनवेळी भलत्याच बाजूला उभा सापडतो.

अंतरपाटाचंच बघा. मंगलाष्टकं चालू असताना वधू-वरांमध्ये पांढरं वस्त्र धरलेलं असतं. कॅमेऱ्याचं स्वयंचलित मोजमाप समोरचं सगळं मध्यम राखाडी आहे असं धरून चालतं. चौकट पांढऱ्या कापडाने भरली की त्याला उजेड जास्त वाटतो, तो फोटो गडद करतो आणि चेहरे काळवंडतात. पुढच्याच क्षणी पाट दूर होतो आणि सगळा हिशेब बदलतो. म्हणून चेहऱ्यांवरचा उजेड आधीच मोजून सेटिंग हाताने पक्कं करावं लागतं. त्याच वेळी अक्षता उडतात. कॅमेऱ्याचा फोकस त्या दाण्यांवर किंवा उंचावलेल्या हातांवर अडकू शकतो. त्यात स्टेजवरचे एलईडी दिवे असतात. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे साधे एलईडी सेकंदाला 100 वेळा मंद-तेज होतात. शटर 1/500 वर नेलं तर अक्षता हवेत थबकलेल्या दिसतात, पण फोटोवर काळपट पट्टे येऊ शकतात. 1/100 वर पट्टे टळतात, पण दाण्यांच्या रेघा होतात. यातलं काय पत्करायचं हे मंगलाष्टकं संपत आल्यावर ठरवता येत नाही. मांडवात तासभर आधी जाऊन, त्याच दिव्यांखाली दोन-चार फोटो काढून ते ठरवावं लागतं.

आता डिजिटलचा जमाना आहे, शेकडो फोटो काढले तर एखादा साधेलच, असं म्हणणारे भेटतात. एका जागेवरून चुकीच्या मापाने काढलेले शंभर फोटो म्हणजे एकच चूक शंभर वेळा. दुसरा युक्तिवाद असा की, हुकलं तर पुन्हा करायला सांगावं. हार पुन्हा घालायला लावता येईल, पण पहिल्यांदा हार घालताना नवरीच्या चेहऱ्यावर आलेलं हसू परत आणता येत नाही. गुरुजींना थांबवून विधी पुन्हा करायला लावणं तर मला सरळ अन्याय वाटतो, कारण लग्न त्या दोघांचं आहे. त्यापेक्षा गुरुजींना आदल्या दिवशी भेटावं. वधू-वरांची तोंडं कोणत्या दिशांना असतील, होम कुठे मांडणार, कन्यादानाला कोण बसणार, एवढं विचारावं. दिशा कळली की उजेड कुठून येणार तेही कळतं.

नाशिकच्या मोकळ्या लॉन्सवर गोरज मुहूर्ताचं लग्न असेल तर ही गोष्ट आणखीच महत्त्वाची. इथे डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, मे महिन्यात सातच्या. त्यानंतर अर्ध्या तासात आभाळ विझतं. मुहूर्त थोडा लांबला तरी पहिलं मंगलाष्टक संधिप्रकाशात आणि शेवटचं दिव्यांच्या उजेडात, असं होऊ शकतं. याची तालीम घरी करता येते. त्र्यंबकेश्वरात जन्मलेले दादासाहेब फाळके 1913च्या 'राजा हरिश्चंद्र'आधी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपत बसले होते. मोठ्या कामाआधी त्यांनी हात एका रोपावर बसवला. नवख्याने संध्याकाळी गच्चीवर दोन भावंडांमध्ये पांढरी चादर धरावी, वरून तांदूळ उडवावेत आणि उजेड ढळेपर्यंत फोटो काढत राहावं.

सगळ्यात वजनदार आक्षेप वेगळा आहे. ज्याने एकही लग्न टिपलेलं नाही त्याच्या हाती कुणाचं लग्न सोपवावंच का? हा आक्षेप मला मान्य आहे. आधी एखाद्या जाणत्या फोटोग्राफरबरोबर दोन-तीन लग्नांत मदतनीस म्हणून उभं राहावं, हेच बरं. तशी संधी मिळाली नाही आणि घरच्यांनी गळ घातली, तर आपलं हे पहिलंच काम आहे हे त्यांना स्वच्छ सांगावं. मग घरातली एखादी मावशी किंवा आत्या गाठून सगळे विधी क्रमाने लिहून घ्यावेत, कारण प्रत्येक घराची रीत थोडी निराळी असते.

त्या यादीत सूनमुख असेल तर त्याच्यापुढे खूण करावी. सासू सुनेचा चेहरा आरशात पाहते. समोरून फ्लॅश मारला तर आरशात पांढरा गोळा उमटतो आणि फोटोग्राफरही दिसतो. सासूच्या खांद्यामागून, किंचित तिरकं उभं राहावं लागतं. शिवाय फोकस आरशाच्या काठावर धरला तर चेहरा धूसर येतो, कारण प्रतिबिंब आरशाच्या काचेपेक्षा दूर असल्यासारखं कॅमेऱ्याला दिसतं. तो प्रतिबिंबातल्या डोळ्यांवरच धरायचा. एव्हाना अर्धी मंडळी पंगतीकडे वळलेली असतात. बॅटरी बदलायची ती त्याआधीच बदलून घ्यावी.