मॉस्कोचे वार्तापत्र : शाल्यापिनचा किताब

रशियात खर्जातल्या आवाजाला फार मान आहे, आणि त्याचे मूळ ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये आहे. तिथल्या उपासनेत वाद्ये वाजत नाहीत. सारा भार गळ्यांवर असतो आणि वृंदाचा पाया सांभाळतात ते बास गायक. ऑपेराचा बास गायक फ्योदोर शाल्यापिन याच मुशीतून आला. 1873 साली कझानमध्ये जन्मलेला हा कारकुनाचा मुलगा लहानपणी जोडे शिवायला शिकला आणि चर्चच्या वृंदात गायला. गाण्याचे रीतसर शिक्षण त्याला मिळाले ते 1892 नंतर तिफ्लिसमध्ये, म्हणजे आजच्या त्बिलिसीत. दिमित्री उसातोव्ह या गुरूने त्याला एक पैसाही न घेता शिकवले.

1895 मध्ये तो पीटर्सबर्गच्या मारिन्स्की या शाही रंगभूमीवर पोहोचला, पण तिथे त्याला फारसा वाव मिळाला नाही. खरा शाल्यापिन घडला तो मॉस्कोत, उद्योगपती साव्वा मामोंतोव्हच्या खासगी ऑपेरात. तिथे कोरोविन आणि व्रुबेल यांच्यासारखे चित्रकार नेपथ्य रंगवत आणि तरुण रखमानिनोव्ह वाद्यवृंद चालवत असे. मुसोर्गस्कीच्या ‘बोरिस गोदुनोव’मधला झार उभा करण्यासाठी शाल्यापिनने 1898 मध्ये रखमानिनोव्हबरोबर सबंध ऑपेरा बसवला, तर इतिहासकार क्ल्युचेव्स्कीकडून तो काळ समजून घेतला. स्वतःची रंगभूषा तो स्वतःच करी. त्याच्याहून भारदस्त खर्ज लावणारे गायक रशियात होते. मात्र शब्दाचा अर्थ सुरातून आणि देहातून एकाच वेळी बोलता करण्यात त्याच्या तोडीचा कोणी नव्हता. ऑपेरातला गायक हा नटही असतो, हे त्याच्यामुळे जगाला मानावे लागले. 1901 मध्ये मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात तो बोइतोच्या ‘मेफिस्तोफेले’मध्ये गायला. तोस्कानिनी वाद्यवृंदाचा संचालक होता, कारुसो सहगायक. 1908 मध्ये कलानिर्माता द्यागिलेव्हने त्याचा ‘बोरिस’ पॅरिसला नेला.

रशियात मोठा कलावंत सत्तेच्या नजरेतून कधीच सुटत नाही. 1911 मध्ये मारिन्स्कीच्या रंगमंचावर वृंदगायकांनी झारपुढे गुडघे टेकले, शाल्यापिनही टेकला, आणि पुरोगामी मित्रांनी त्याला धारेवर धरले. क्रांतीनंतर, 1918 मध्ये, नव्या राजवटीने ‘प्रजासत्ताकाचा जनकलावंत’ हा किताब पहिल्यांदा दिला तो त्यालाच. 1922 मध्ये तो परदेशी गेला आणि परतला नाही. पॅरिसमधल्या निर्वासित रशियन मुलांसाठी त्याने पैसे दिले, ते सोव्हिएत सत्तेला क्रांतिविरोधी मदत वाटले. 1927 मध्ये किताब काढून घेण्यात आला. भुकेल्या मुलांना केलेल्या मदतीची ही शिक्षा अन्यायाचीच होती.

1938 मध्ये रक्ताच्या कर्करोगाने पॅरिसमध्ये त्याचे निधन झाले. कझानने 1982 पासून त्याच्या नावाने ऑपेरा महोत्सव भरवायला सुरुवात केली. 1984 मध्ये त्याचे अवशेष मॉस्कोच्या नोवोदेविची दफनभूमीत आणले गेले. नोविन्स्की बुलेव्हारवरच्या त्याच्या घरात आता संग्रहालय आहे. किताब रद्द करणारा निर्णय मात्र 1991 मध्ये मागे घेतला गेला.