आधी पाणी, मग कनू

कनू विकत घ्यायला आलेला माणूस दुकानात पहिल्यांदा ती उचलून बघतो. नाळेकडचं टोक धरायचं, जरा वर करायचं आणि 'किलो किती?' म्हणून विचारायचं. उत्तर अमेरिकेच्या तळ्यांच्या प्रदेशात या सवयीला अर्थ आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या ॲडिरॉन्डॅक डोंगरांत किंवा मिनेसोटा आणि कॅनडाच्या सीमेवर एक तळं संपलं की होडी खांद्यावर घेऊन जंगलातून पुढच्या तळ्यापर्यंत चालावं लागतं. तिथे प्रत्येक किलो मानेला कळतो. 'नेसमुक' या टोपणनावाने लिहिणारे जॉर्ज वॉशिंग्टन सिअर्स अंगाने किरकोळ, त्यात छातीच्या विकाराने बेजार. १८८३ साली ते ज्या कनूतून ॲडिरॉन्डॅक फिरले, ती 'सेरी गॅम्प' नऊ फूट लांब होती आणि तिचं वजन होतं साडेदहा पौंड, म्हणजे पाच किलोंनाही थोडं कमीच. कॅन्टन गावच्या जे. हेन्री रशटन या कारागिराने ती बांधली होती. एकट्याची कनू म्हणजे हलकी कनू, ही समजूत घट्ट व्हायला असल्या होड्यांचा मोठा हातभार लागला.

फ्लोरिडाच्या नैऋत्य टोकाला हा हिशेब चालत नाही.

तिथे एव्हरग्लेड्सचं राष्ट्रीय उद्यान आहे, १९४७ साली स्थापन झालेलं. एव्हरग्लेड्स सिटीपासून फ्लॅमिंगोपर्यंत ९९ मैलांचा, म्हणजे सुमारे १५९ किलोमीटरचा जलमार्ग तिवरांच्या जाळीतून, उथळ खाड्यांतून आणि 'टेन थाउजंड आयलंड्स' म्हणवणाऱ्या बेटांच्या गर्दीतून जातो. त्याचं नाव 'वाइल्डरनेस वॉटरवे'. वल्हवत जाणारा माणूस या वाटेला साधारण आठवडा ते दहा दिवस देतो. वाटेत होडी खांद्यावर घेण्याची वेळ कुठेच येत नाही. येते ती पाण्याची अडचण. सगळा मुलूख खारा किंवा मचूळ. मुक्कामाच्या जागी नळ नाही, विहीर नाही. माणशी दिवसाला निदान एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर पाणी बरोबर ठेवा, असं उद्यानाचंच सांगणं असतं. वाऱ्याने अडवलं तर लागतील म्हणून दोन दिवस जास्तीचे धरले, तर दहा दिवसांचं पाणीच अडतीस किलो भरतं. त्यात तंबू, अन्न, स्टोव्ह, कपडे, दोर, नांगर असे आणखी पंचवीस-तीस किलो, आणि स्वतःचं वजन वेगळं.

म्हणून या किनाऱ्यासाठी कनू शोधणाऱ्याने 'होडीचं वजन किती' हा प्रश्न मागे ठेवावा. दीडशे किलोंच्या आसपास भार घेऊन, एकाच माणसाच्या हाताने, आडव्या वाऱ्यात ती कशी वागते, हे आधी विचारावं. होडीच पंधराऐवजी पंचवीस किलोंची असली तरी फार बिघडत नाही. गाडीच्या टपावर चढवताना काय ती कुरकूर होईल तेवढीच.

मग कयाकच का नको, असं कुणी विचारेल, आणि प्रश्न रास्त आहे. समुद्री कयाक वाऱ्यात आणि लाटांत उघड्या कनूपेक्षा सरस असते. पण तिच्या पोटात सामान शिरतं ते लहानशा झाकणांतून. पाण्याचा मोठा कॅन त्यातून जात नाही. मऊ पिशव्यांतून पाणी न्यावं, तर किनाऱ्यावरची रॅकून मंडळी त्या कुरतडून फोडतात. गोड्या पाण्याचा वास त्यांना बरोबर लागतो. उद्यानवाले कडक प्लास्टिकचे डबे न्या म्हणतात ते यासाठीच. असे डबे कनूत वरून सरळ ठेवता येतात, बांधता येतात आणि लागतील तसे पुढे-मागे सरकवताही येतात. ही सरकवण्याची सोय किती मोलाची, हे वाऱ्याकडे वळलो की कळेल.

शिवाय मुक्कामाच्या जागांचाही विचार हवा. पुळणीवर किंवा कालूसा लोकांनी शतकानुशतकं टाकलेल्या शिंपल्यांच्या उंचवट्यांवर तंबू लावता येतो. पण वाटेच्या आतल्या भागात जमीनच नसते, म्हणून तिथे पाण्यात खांब रोवून लाकडी माच्या बांधल्या आहेत. त्यांना 'चिकी' म्हणतात. सेमिनोल आणि मिकोसुकी लोकांच्या खांबांवरच्या घरांवरून ही रचना घेतली आहे. साधारण दहा फूट बाय बारा फुटांची फळ्यांची जमीन, वर छप्पर, बाजूला शौचालय. खिळे ठोकायचे नाहीत, म्हणून तंबू स्वतःच्या काठ्यांवर उभा राहणारा हवा. ओहोटीला पोचलात तर माची छातीच्या, कधी डोक्याच्या उंचीवर येते. डुलत्या होडीत उभं राहून सगळा संसार वर चढवायचा. अशा वेळी अरुंद होडी परीक्षा बघते. कनूवाल्याला चार गाठोडी उचलून टाकता येतात. कयाकवाला झाकणाआडून एकेक पुडकं ओढत बसतो.

आता आकार. एकट्याच्या मोहिमेच्या कनूची लांबी सोळा ते साडेसतरा फूट असावी, असं माझं मत आहे. लांब होडी सरळ जाते आणि भार वाहते. पण लांबी वाढत गेली की पाण्याला घासणारा पृष्ठभागही वाढतो, आणि एका माणसाच्या जोरात त्या जादा लांबीचा वेग काही वसूल होत नाही. तळाचा बाक, म्हणजे दोन्ही टोकं मधल्या भागापेक्षा वर उचललेली असणं, नदीत वळायला कामाचा. खुल्या खाडीत तोच बाक होडीला भिरभिरवतो. इथे जवळजवळ सरळ तळ बरा. कडांची उंची ही खरी पंचाईत. उंच कडा लाट थोपवतात आणि वारा पकडतात. भार भरल्यावर पाण्यावर वीतभर तरी कड उरली पाहिजे, पण त्याहून फार जास्त नको. कंपन्यांच्या पत्रकांत छापलेला 'कमाल भार' मी तरी वाचत नाही. तेवढं भरून होडी तरंगते खरी, पण तिच्यातून प्रवास होत नाही. छापील आकड्याच्या निम्म्याच्या जरा पुढे-मागे आपला सगळा भार बसला, तर होडी आपल्या मापाची.

एकट्याच्या मोहिमेची कनू कशी असावी, या प्रश्नाला एका माणसाने स्वतःच्या अंगावर उत्तर शोधलं. मिशिगनचे व्हर्लन क्रूगर धंद्याने प्लंबर. चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदा कनूत बसले. १९८० ते १९८३ या काळात त्यांनी जावई स्टीव्ह लँडिकबरोबर उत्तर अमेरिकेभोवती आणि तिच्या आतून २८ हजार मैलांवर वल्हं मारलं. दोघांच्या दोन स्वतंत्र, एकट्याच्या कनू. नंतर पत्नी व्हॅलरी फॉन्स यांच्यासोबत आर्क्टिकपासून केप हॉर्नपर्यंत २१ हजार मैल. २००४ साली ते गेले. या प्रवासांतून त्यांच्या रचना घडत गेल्या, आणि 'सी विंड' ही त्यांतली नावाजलेली. सतरा फुटांहून थोडी लांब, पुढून-मागून वरून झाकलेली, मधे माणसापुरती आणि सामानापुरती मोकळी. बैठक वर-खाली करता येते. खवळलेल्या पाण्यात खाली बसायचं, शांत पाण्यात वर. सुकाणू पायाने चालतं. कनूच्या जुन्या भक्तांना सुकाणू म्हणजे लबाडी वाटते. वाटो. आडव्या वाऱ्यात दिवसभर एकाच बाजूने दुप्पट वल्हं मारून खांदा सुजवून घेण्यात मला कसलीही शुद्धता दिसत नाही. या होडीची एकच अडचण: ती महाग पडते, आणि जुनी सहजी विकायला येत नाही.

झाकलेली कनू परवडत नसेल तर उघड्या कनूवर बसणारं कापडी आच्छादन घ्यावं. व्हाइटवॉटर बे ही फ्लॅमिंगोच्या वरची खाडी रुंद आणि उथळ आहे. हिवाळा हाच तिथला हंगाम, कारण उन्हाळ्यात डास माणसाला टिकू देत नाहीत. पण हिवाळ्यातच उत्तरेकडून थंड हवेचे पट्टे उतरतात. वारा आग्नेयेकडून नैऋत्येला, तिथून वायव्येला आणि मग उत्तरेला फिरतो, जोर धरतो, आणि उथळ पाण्यावर आखूड, उभ्या लाटा उठवतो. मोठी सावकाश लाट होडीला उचलून पुढे जाऊ देते. ही आखूड लाट मात्र सरळ मांडीवर येते. पाण्याने काठोकाठ भरलेली उघडी कनू शेकडो लिटर पाणी पोटात घेते आणि एकट्याने ती रिकामी करणं जवळजवळ अशक्य होतं. म्हणून टोकांना हवेच्या पिशव्या हव्यात आणि सामान दोराने घट्ट बांधलेलं हवं. पिण्याच्या पाण्याचे भरलेले डबे इथे ओझं ठरत नाहीत. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा किंचित हलकं. बांधलेला डबा समुद्राचं पाणी आत येण्याची जागा अडवतो आणि होडीला खालीही ओढत नाही.

भरती-ओहोटीचं कोकणातल्या माणसाला नव्याने काय सांगायचं! पण मुंबईच्या उधाणाला पाण्याच्या चढ-उतारातला फरक पाच मीटरांच्या घरात जातो. इथे तो मीटरभराच्या आसपास. ऐकून हसू येईल, पण जमीन इतकी सपाट की मीटरभर पाणी उतरलं की मैलभर चिखल उघडा पडतो. 'नाइटमेअर' नावाची तिवरांतली चिंचोळी वाट तर भरतीलाच ओलांडता येते. वेळ चुकली की पुढची भरती येईपर्यंत चिखलात, चिलटांच्या सोबतीने बसायचं. त्यात ईशान्येचा वारा जोरात असला तर तो खाड्यांतलं पाणी बाहेर ढकलतो आणि वेळापत्रकातली भरती कागदावरच राहते. म्हणून भरल्या होडीचा तळ पाण्यात फार खोल जाता कामा नये, आणि सुकाणू वर उचलता यायलाच हवं.

उथळ पाण्यात कालवांचे ताटवे असतात. त्यांच्या धारेने फायबरग्लास ओरबाडतं, आणि केवलारचा पातळ थर, जो उत्तरेत वजन वाचवतो म्हणून मिरवतो, इथे लवकर रडकुंडीला येतो. पूर्वी यावर रॉयलेक्स नावाच्या थरांच्या प्लास्टिकचा तोडगा होता, जाडजूड, मार खाणारा. त्याचं उत्पादन गेल्या दशकात बंद झालं. जुन्या रॉयलेक्स होड्या म्हणूनच हातोहात जातात. नवी घ्यायची तर केवलारच घ्या, पण तळाला जादा थर आणि बाहेरून जाड लेप असलेली. दोन्ही टोकांच्या खाली घर्षणपट्ट्या लावून घ्याव्यात.

या भूभागाने माणसांकडून काय काय बांधून घेतलं हे बघण्यासारखं आहे. फ्लोरिडातच गेन्सव्हिलजवळ न्यूनन्स लेक दुष्काळाने आटला तेव्हा, २००० साली, तळातून एकाच लाकडात कोरलेल्या १०१ होड्या मिळाल्या. त्यांतल्या काही सुमारे पाच हजार वर्षं जुन्या. सेमिनोल लोक सायप्रसच्या खोडातून लांब, सपाट तळाची कनू कोरत आणि मागे उभं राहून लांब काठीने ढकलत. वल्हं चालायला पाण्याची खोली लागते, काठीला चिखल पुरतो. १८९७ साली ह्यू विलबी यांनी पश्चिमेकडच्या हार्नी नदीतून शिरून मायामीपर्यंत एव्हरग्लेड्स पार केलं, तेही बरंचसं काठीच्याच जोरावर. आजही सामानात एक काठी असावी. चिखलात खुपसून होडी तिलाच बांधता येते.

आणखी एक जोड आपल्याकडे परकी वाटणार नाही. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर, टँपा बेपासून की लार्गोपर्यंत, २००१ पासून 'एव्हरग्लेड्स चॅलेंज' नावाची सुमारे तीनशे मैलांची शर्यत होते. तिच्यात क्रूगरच्या कनूंना शीड लावून आणि दोन्ही बाजूंना तरंगते दांडे जोडून लोक उतरतात. मालवणकडच्या होडीची उलांडी एका बाजूला, यांची दोन्ही बाजूंना, एवढाच फरक. मला मुक्कामी प्रवासात ती नकोशी वाटते, कारण तिवरांच्या अरुंद वाटेत दांडे अडकतात. फक्त बाहेरच्या किनाऱ्याने जाणार असाल तर गोष्ट वेगळी.

आता वारा आणि ते सरकते डबे. आडव्या वाऱ्यात चालती होडी आपण होऊन नाळ वाऱ्याकडे वळवते. एखादा डबा फूटभर मागे सरकवला की हा हट्ट कमी होतो. समोरून वारा असेल तर उलट, नाळेकडे थोडं जास्त वजन बरं. दिवस जातील तसं पाणी पोटात जातं, होडी वर येते, वारा तिला जास्त पकडतो. आठव्या-नवव्या दिवशी तीच होडी दुसऱ्या कुणाची वाटावी इतकी बदलते. रिकामे झालेले डबे समुद्राच्या पाण्याने भरून तळाशी ठेवायचे. त्यांवर ठळक खूण करायची, नाहीतर संध्याकाळचा चहा खारट होतो.

पहिल्या खेपेला कनू विकत घेऊच नये. एव्हरग्लेड्स सिटीत भाड्याने मिळतात त्या बहुतेक दोघांच्या, रुंद, जड होड्या. त्यातली एक घ्यायची, पुढच्या बैठकीवर उलटं तोंड करून बसायचं, म्हणजे माणूस जवळजवळ मध्यावर येतो. पाणी समोर ठेवायचं. वेग मिळत नाही, पण आपल्याला दिवसाला किती पाणी लागतं आणि किती वारा झेपतो, हे कळतं. रात्रीच्या मुक्कामाचा परवाना आधी काढायला विसरू नये. कुठल्या रात्री कुठल्या जागी, हे ठरवूनच निघावं लागतं.

मग विकत घेताना होडी उचलून बघण्याऐवजी पाण्याचे आठ-दहा डबे बरोबर न्यावेत, ते होडीत बांधावेत आणि वाऱ्याच्या दुपारी मोकळ्या तळ्यात तासभर वल्हवावं. आधी वाऱ्याला आडवं, मग समोर, मग पाठीवर घेऊन. नाळ फिरली तर डबा मागे घेऊन पुन्हा. गुडघे टेकून, मग बसून. शेवटी काठाजवळ मुद्दाम उलटवून, कितपत पाणी बाहेर काढता येतं ते बघावं. विकणारा एवढं करू देत नसेल तर दुसरा विकणारा शोधावा.