कृत्रिम स्तनावरील जिवाणूंचा थर

१९६२ साली अमेरिकेतील ह्यूस्टन येथे थॉमस क्रोनिन व फ्रँक जेरो या शल्यविशारदांनी सिलिकॉनचे पहिले स्तनरोपण केले. कर्करोगाने स्तन गमावलेल्या अनेक भगिनींना त्याचा आधार झाला. परंतु शरीरात बसविलेल्या निर्जीव वस्तूवर जिवाणू वस्ती करू शकतात.

स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस हा जिवाणू आपल्या त्वचेवर नेहमीच असतो. एरवी तो निरुपद्रवी. शस्त्रक्रियेच्या वेळी तो रोपणास चिकटला, तर वाढून स्वतःभोवती बुळबुळीत थर तयार करतो. या थराआड प्रतिजैविकांचे व पांढऱ्या पेशींचे फारसे चालत नाही. रोपणाभोवती शरीराने घातलेले वेष्टन मग जाड होऊन आवळते. स्तन कठीण होतो, दुखतो. पुष्कळदा ताप नाही, पू नाही. म्हणून कारण ध्यानात येत नाही.

खरखरीत पृष्ठभागावर जिवाणूंना जागा अधिक मिळते. अशा रोपणांभोवती क्वचित लसिकापेशींचा कर्करोगही आढळला. त्यात जिवाणूंचा वाटा असावा, असे काही संशोधक मानतात. ते सिद्ध झालेले नाही. जुलै २०१९ मध्ये ॲलर्गन कंपनीने आपली खरखरीत रोपणे जगभरातून परत घेतली.

रोपणानंतर कित्येक वर्षांनी सूज आली, तरी भगिनींनी संकोच न करता डॉक्टरांना दाखवावे. लपविलेले दुखणे वाढतच जाते.